तिवरांचा हिशेब हवा, दरपत्रक नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, तोडीवरून आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जो वाद चालू आहे, त्यात दोन बाजू ठळकपणे दिसतात. निसर्गाची किंमत करताच येत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडूच नये, असे एका बाजूचे म्हणणे. तर किंमत ठरवा, ती प्रकल्पाकडून वसूल करा आणि कामाला लागा, असे दुसऱ्या बाजूचे. मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली. वस्तूला खर्च किती आला हे काढणे हेच माझे काम होते, त्यामुळे आकडे मांडण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मात्र हा आकडा कशासाठी हवा आहे, हे न विचारता तो पुढे पाठवणाऱ्या हिशेबनिसाची आमच्याकडे हजेरी घेतली जात असे, आणि या साऱ्या पत्रव्यवहारात नेमका तोच प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तर क्षमा असावी.

सुरुवात घरच्याच उदाहरणाने करतो. १९९७ साली अर्थशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे उद्यान टिकावे म्हणून तुमचे कुटुंब दरमहा किती पैसे द्यायला तयार आहे, असे त्यात मुंबईकरांना विचारले होते. सरासरी उत्तर आले साडेसात रुपये. पाच वर्षे दरमहा साडेसात रुपये, असा साऱ्या शहराचा हिशेब केल्यावर त्याचे त्या वेळचे मूल्य सुमारे १०३ कोटी रुपये भरले. उद्यानाचे अंदाजपत्रक तेव्हा एक कोटी सत्तर लाखांच्या घरात होते. लोक जेवढे द्यायला राजी आहेत त्या मानाने सरकार या जंगलावर काहीच खर्च करत नाही, हा अभ्यासकांचा मुद्दा होता आणि तो रास्तच होता.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे १० कोटी ४० लाख चौरस मीटर. त्याने १०३ कोटींना भागले तर चौरस मीटरमागे पुरते दहा रुपयेही येत नाहीत. अभ्यास करणाऱ्यांनी हा भागाकार केला नव्हता आणि जमिनीची किंमत काढणे हा त्यांचा हेतूही नव्हता. पण आकडा एकदा कागदावर उतरला की तो कोणत्या कामासाठी काढला होता हे हळूहळू विसरले जाते, आणि भागाकार करणारा कुणीतरी भेटतोच. आज मी केला, उद्या एखादा विकासक करील.

प्रश्न कसा विचारला यावरही बरेच अवलंबून असते. ‘जंगल राखण्यासाठी काय द्याल?’ असे विचारले तर माणूस आधी खिसा चाचपतो. ‘काय घेऊन जंगल सोडाल?’ असे विचारले तर तोच माणूस कितीतरी मोठा आकडा सांगतो किंवा उत्तरच नाकारतो. उद्यानाच्या परिसरातल्या आरेच्या किंवा येऊरच्या पाड्यावर राहणाऱ्या वारली बाईपाशी दरमहा द्यायला रोख रक्कम नसेल, तर पहिल्या प्रश्नाच्या हिशेबात तिची नोंद शून्य होते, आणि जिचा वाघोबा देव, शेवळे-करटुलीसारख्या रानभाज्या आणि सरपण सगळे त्या जंगलात आहे तिच्यापेक्षा, वर्षातून एकदा कान्हेरीला सहल नेणाऱ्या माणसाचे मत जड ठरते. ही त्या अभ्यासाची चूक नव्हे. ती त्या मापाची मर्यादा आहे, आणि किराणा दुकानातल्या तराजूवर कुणी सोने तोलू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

कागदावरच्या आकड्याचे दरपत्रक कसे होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच देशात आहे. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ (जंगलापासून पुढे वर्षानुवर्षे मिळणाऱ्या लाभाची आजची किंमत) भरून घेण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयातल्या जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यातून आली. त्याआधी पर्यायी वनीकरणाचा, म्हणजे बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याचा, खर्च भरला की जंगलाचा प्रश्न मिटत असे. जंगल पाणी धरते, माती धरते, कर्ब साठवते, त्याचे मोल निराळे भरायला हवे, हे तत्त्व न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केले. ते मोजायचे कसे याचा विचार अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने केला. आणि मार्च २००८ मध्ये हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजार रुपयांपर्यंतचे दर ठरले. अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. फुकटात जाणाऱ्या वस्तूला निदान काही मोल आले, ही मोठीच सुधारणा होती. पण सर्वांत वरचा दर धरला तरी तो चौरस मीटरमागे १०४ रुपये पडतो. तेवढ्या पैशांत मुंबईत चौरस मीटरभर फरशीसुद्धा बसत नाही. २०२२ मध्ये हे दर वाढवण्यात आले, तरी त्यांची जात बदललेली नाही.

दर कमी आहे एवढीच तक्रार असती तर तो वाढवून घेता आला असता. अडचण अशी की हा दर जंगलाचा प्रकार आणि त्याची घनता पाहून ठरतो. त्या जंगलाच्या आडोशाला कोण राहते, हे त्यात कुठेच विचारलेले नसते. निर्मनुष्य किनाऱ्यावरची तिवरे आणि विक्रोळीच्या वस्तीला लागून असलेली तिवरे सारख्याच घनतेची असतील, तर कागदावर दोन्ही सारखीच. शिवाय, भरण्याचे पैसे एकदा ठरले की प्रकल्प आखणाऱ्यासाठी तो वीजजोडणीच्या अनामत रकमेसारखा एक खर्चाचा रकाना होऊन बसतो. त्याला जागा बदलायला, आखणी वळवायला किंवा रस्ता नको म्हणायला हा आकडा भाग पाडत नाही. फक्त पावती देतो.

याच्या उलट टोकाला गेलेले उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण निसर्गाच्या बाजूने बोलणारेही हिशेबात ढिले असतात. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरील पुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचे वय, असे सांगितले. त्यातले ४५,००० रुपये निव्वळ प्राणवायूचे होते. या हिशेबाने शंभर वर्षांच्या तीनशे झाडांची किंमत २२० कोटींच्या पुढे जाते. १९७९ साली कोलकात्याचे प्रा. टी. एम. दास यांनी पन्नास वर्षांच्या झाडाची १५ लाख ७० हजार रुपये अशी जी किंमत काढली होती, आणि जी वृक्षारोपणाच्या फलकांवर आपण आजही वाचतो, तिच्यातही प्राणवायूचा हिस्सा होताच.

सिलिंडरमधल्या प्राणवायूचा भाव झाडाला लावणे मला पटत नाही. सिलिंडरचे पैसे पडतात ते हवेतून प्राणवायू वेगळा काढून, दाबून भरून, रुग्णाच्या नाकापर्यंत पोहोचवण्याचे. मोकळ्या हवेत तो सुमारे २१ टक्के आहेच, आणि झाडाने जन्मभर सोडलेला बराचसा प्राणवायू त्याची पाने कुजताना आणि लाकूड जळताना पुन्हा खर्ची पडतो. दादरची दोनशे झाडे तोडली म्हणून दादरकरांना श्वासाला हवा कमी पडणार नाही. कमी पडेल ती सावली. वाढेल तो मे महिन्यातल्या दुपारचा उकाडा, आणि पानोपानी अडून सावकाश उतरणारे पावसाचे पाणी एकदम गटाराच्या तोंडाशी येईल. मोजायचे तर हे मोजावे. चांगल्या कामासाठी फुगवलेले बिलही लेखापरीक्षक नामंजूरच करतो, आणि ते एकदा नामंजूर झाले की त्या खात्यातली खरी बिलेही संशयाने पाहिली जातात. बंगालमधली ती ३५६ झाडे तोडायला फेब्रुवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली. एवढा मोठा आकडाही त्यांना वाचवू शकला नाही, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घेण्यासारखे आहे.

साऱ्या पृथ्वीच्या परिसंस्थांचे वार्षिक मोल ३३ लाख कोटी डॉलर, असाही एक प्रसिद्ध आकडा १९९७ सालचाच आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही आणि ज्याला पर्याय नाही अशा गोष्टीच्या एकूण किमतीला काही अर्थ नसतो, म्हणून तो आकडा मी बाजूला ठेवतो.

मग अर्थ कशाला असतो? माझ्या अनुभवातले सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर राहत होतो. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून, कुर्ल्याला वळसा घालून माहीमच्या खाडीला मिळते. त्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरातून मिळाली. चार-पाच दिवसांनी पंचनाम्याला माणसे आली. त्यांच्या कागदावर धान्य, भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण असे रकाने होते. मुलीची वर्षभराची वह्या-पुस्तके कोणत्या रकान्यात घालायची यावर थोडी चर्चा झाली आणि ती ‘इतर’मध्ये गेली. पुढचे दोन महिने आईचा दमा वाढला, मी तीन आठवडे बिनपगारी रजेवर होतो, भिंतींची ओल जायला दिवाळी उलटली. यातले काही ‘इतर’मध्येही बसले नाही. पंचनामा करणाऱ्यांचा दोष नव्हता. त्यांना रकाने वरून ठरवून मिळाले होते.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या हिशेबी डोक्यातून गेलेली नाही. जिथे आज वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे, तिथे पूर्वी मिठीच्या मुखाजवळची दलदल आणि तिवरे होती. भरतीचे पाणी पसरायचे, पावसाचे पाणी थांबायचे, आणि ओहोटीला दोन्ही सावकाश बाहेर पडायचे. ती जमीन भरून विकली गेली, त्याचे पैसे एका खात्यात जमा झाले, आणि तिथे थांबणारे पाणी जिथे जाऊन थांबले त्या घरांचा खर्च दुसऱ्याच खात्यात पडला, ज्याची वहीच कुणी ठेवली नाही. ९४४ मिलिमीटर पावसापुढे तिवरांनी पूर अडवला असता, असे मी म्हणत नाही. तसा दावा करणे पुन्हा फुगवलेलेच बिल होईल. एवढेच म्हणतो की जमा एका ठिकाणी आणि नावे (म्हणजे खर्चाची बाजू) दुसऱ्याच ठिकाणी पडले, तर तो व्यवहार कितीही फायद्याचा दाखवता येतो.

हे नावे पडलेले मोजता येते का? येते, आणि आपल्या देशात ते मोजलेलेही आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आले. भितरकनिकाच्या परिसरातल्या तीन गावांची पाहणी करून बडोला आणि हुसैन या अभ्यासकांनी २००५ मध्ये जे आकडे मांडले, ते मी आमच्या सोसायटीच्या सभेत दोनदा वाचून दाखवले आहेत. एक गाव तिवरांच्या आड होते. तिथे कुटुंबामागे सरासरी ३३ डॉलरचे नुकसान झाले. दुसऱ्या गावाला ना तिवरे होती ना बांध. तिथे ४४ डॉलर. तिसऱ्या गावाला सरकारने बांध बांधून दिला होता, पण तिवरे नव्हती. तिथले नुकसान सर्वाधिक, १५४ डॉलरच्या आसपास. बांध फुटला की आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. पुढे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ मध्ये केंद्रापाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांची आकडेवारी तपासली आणि जिथे किनारा आणि गाव यांच्यामध्ये तिवरांचा पट्टा रुंद होता तिथे माणसे कमी दगावली, असे दाखवून दिले.

हे आकडे लहान आहेत, अशोभनीय वाटावे इतके लहान, पण ते खरे काम करतात. कोणत्या गावात, कोणत्या वादळात, कुणाच्या घरचे किती गेले आणि ते कशामुळे वाचले असते, हे ते सांगतात. त्यांना भागाकार करून चौरस मीटरचा भाव काढता येत नाही. मिठीच्या काठाने आपण गेली काही वर्षे संरक्षक भिंती बांधत आहोत. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर त्या भिंतींच्या मागच्या वस्तीतले पाणी जाणार कुठून, हा प्रश्न मला तिसऱ्या गावामुळे सुचला. अशा प्रश्नांसाठीच मूल्यमापन हवे. आमच्या कारखान्यातही कॉस्टिंगचा खरा उपयोग मालाची किंमत ठरवण्यापेक्षा नासधूस कुठे होते ते शोधण्यासाठी अधिक होत असे.

आणखी एक उपयोग पाण्याचा. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली आपल्या पाणलोट क्षेत्रातल्या गावांशी करार केला. पाणी गाळून शुद्ध करण्याचे संयंत्र उभारायला सहा अब्ज डॉलरहून अधिक लागणार होते. त्याऐवजी सुमारे दीड अब्ज डॉलर खर्चून वरची जंगले आणि शेते राखावीत, त्यासाठी तिथल्या लोकांना पैसे द्यावेत, असे ठरले. आपल्याकडे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, पण त्यांचा शहराच्या रोजच्या पुरवठ्यातला वाटा जेमतेम तीन टक्के. बाकीचे पाणी येते ते भातसा, तानसा, वैतरणा खोऱ्यांतून. ज्या शहापूर तालुक्याच्या डोंगरांवरून मुंबईची जलवाहिनी निघते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथले जंगल टिकते म्हणून आपल्या नळाला गाळ येत नाही, या सेवेचे मोल काढून ते त्या ग्रामपंचायतींना दरवर्षी पोहोचवले, तर मूल्यमापनाला माझा पूर्ण पाठिंबा राहील. गंमत अशी की निसर्गाचे पैसे तो नष्ट करणाऱ्याकडून एकरकमी घेण्याची आपली यंत्रणा तयार आहे. राखणाऱ्याला दरवर्षी देण्याची नाही.

आता बदल्यात झाडे लावण्याविषयी. वर्सोवा–भाईंदर किनारी रस्त्याच्या आखणीत सुमारे ४५ हजार तिवरे बाधित होणार आहेत, आणि वळवल्या जाणाऱ्या वनजमिनीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणासाठी दाखवलेली जागा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. किनाऱ्यावर अन्यत्र तिवरे लावण्याचे आश्वासनही आहे, ते मी नाकारत नाही. चंद्रपूरला झाडे लावावीतच, तिथल्या उन्हाला त्यांची गरज आहे. पण गोराईच्या खाडीत भरतीचा जोर चंद्रपूरचा साग कसा मोडणार? आजोबांच्या औषधाऐवजी नातवाला टॉनिक आणले आणि घरातला औषधाचा खर्च तेवढाच झाला म्हणून हिशेब जुळला, असे कुणी म्हणत नाही. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली, तेव्हाही चर्चा मुख्यतः किती तोडणार आणि किती लावणार या संख्यांची झाली. राज्याच्या २०२१ च्या वृक्षविषयक दुरुस्तीत तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली, तिच्यामागचा हेतू चांगला आहे. तरीही साठ वर्षांचा वड आणि साठ रोपे हे समीकरण मांडणाऱ्याने रोपे कुठे लावली आणि पाच वर्षांनी त्यांतली किती उभी आहेत, हा रकानाही सोबत द्यायला हवा होता. तिवरांच्या बाबतीत तर चिखलाच्या मोकळ्या पटांगणावर रोपे खोचली तर ज्या चिखलात निवट्यांसारखे मासे असतात आणि रोहित पक्षी चरतात तोच नाहीसा होतो. ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले, ते तिवरांइतकेच त्या चिखलामुळेही.

व्याजदराचा मुद्दा रुक्ष आहे, पण निर्णय बहुधा तिथेच होतो. पन्नास वर्षांनंतर मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य, दहा टक्के दर धरला तर ८५ पैसे. चार टक्के धरला तर १४ रुपये. म्हणजे नातवंडांच्या घरात शिरणाऱ्या पाण्याची किंमत आज पैशांत मोजायची की रुपयांत, हे अहवालाच्या परिशिष्टातला एक आकडा ठरवतो, आणि त्या आकड्यावर जनसुनावणीत कुणी हरकत घेतल्याचे मी ऐकलेले नाही. शिवाय यंत्राला दरवर्षी घसारा लागतो, म्हणजे झिजेपोटी त्याची किंमत घटते. तिवरे दरवर्षी गाळ धरतात, पसरतात. तरीही प्रकल्पाच्या हिशेबात दोघांना एकच रीत लावली जाते.

तिवरांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेला निकाल या साऱ्या पैशांच्या भाषेच्या पलीकडचा आहे. तिवरांचा नाश हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, अशी त्याची भूमिका आहे, आणि सार्वजनिक हिताचे काम असल्याखेरीज तिवरांना हात लावता येत नाही. मला हीच रीत योग्य वाटते. देवस्थानाच्या दागिन्यांची मोजदाद होते, वजन लिहिले जाते, विम्यासाठी मूल्यही लिहिले जाते. म्हणून ते विक्रीला काढले आहेत असे कुणी समजत नाही. मोजदाद यासाठी की काही गहाळ झाले तर कळावे आणि विश्वस्तांना जाब विचारता यावा. तिवरांचे, पाणथळींचे, मिठागरांचे मूल्य याच अर्थाने लिहिले जावे.

आणि सगळे मूल्य रुपयांतच लिहिले पाहिजे असेही नाही. वरळीच्या कोळीबांधवांचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले होते; लाटांच्या माऱ्यात तेवढ्यातून होड्या नेणे धोक्याचे आहे, असे सांगत ते अडून बसले, आणि अखेर ते अंतर १२० मीटर करण्यात आले. त्यांना हवे होते त्याहून ते कमीच होते. पण त्यांनी आपल्या समुद्राचे मोल मीटरमध्ये सांगितले, आणि त्या मापाने पुलाचा आराखडा बदलला. नुकसानभरपाईच्या आकड्याने तो बदलला नसता. खाडीत चिंबोऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या बायकांकडे तर विक्रीची पावती नसते, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्या सहसा शेवटी येतात किंवा येतच नाहीत. त्यांना ‘ओहोटीला किती वेळ चिखलात उतरता येते’ हेच विचारावे लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात पंप, नाले, पूल, भिंती या सगळ्यांच्या नोंदी आहेत. त्यांचेच काम फुकट करणाऱ्या खाडीकाठाची, तलावांची आणि जंगलाच्या उताराची एकही मालमत्ता म्हणून नोंद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांचे हिशेब ठेवण्याची एक पद्धत मान्य केली आहे, आणि केंद्राचे सांख्यिकी मंत्रालयही त्या वाटेने जात आहे. त्या पद्धतीतला मला आवडलेला भाग असा की तिच्यात आधी परिसंस्थेचे क्षेत्र, मग तिची प्रकृती कशी आहे ते, मग तिच्यापासून काय मिळते ते भौतिक मापांत लिहायचे. रुपये सर्वांत शेवटी. आपल्या अर्थसंकल्पाला असे एक परिशिष्ट जोडावे: प्रभागवार किती हेक्टर तिवरे गेल्या मार्चअखेर होती, या मार्चअखेर किती आहेत, किती पाणी कुठे थांबते, आणि जिथे कमी झाले तिथे त्या पावसाळ्यात किती घरांत पाणी शिरले. मुलुंड, भांडुप, कांजूरची मिठागरे घरबांधणीला द्यायची असतील तर द्यावीत की नाही यावर वाद जरूर व्हावा, पण आधी त्यांचा रकाना तरी असावा. त्या परिशिष्टाच्या माथ्यावर ‘हे विक्रीमूल्य नव्हे’ असे छापावे, म्हणजे माझ्यासारख्या भागाकार करणाऱ्यांना आळा बसेल.

माहिती कुठून आणायची, असा आक्षेप येईल. २००५ नंतर आमच्या गल्लीत जेव्हा जेव्हा पाणी भरले, त्याची तारीख, भरतीची वेळ आणि आमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले हे मी सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवले आहे. इमारतीला रंग दिला तेव्हा भिंतीवरच्या खुणा गेल्या, वही आहे. मिठीच्या काठी अशा वह्या आणखीही काही घरांत निघतील. संबंधित अधिकाऱ्यांनी मागितली तर माझी वही मी आणून दाखवीन. फक्त ती परत हवी, कारण त्यात सोसायटीचे जुने ठरावही आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस,
कुर्ला (पश्चिम), मुंबई